पायलीचं कर्ज, कागदाचा कायदा

पर्लकोटा नदीवरचा पूल पाण्याखाली गेला की भामरागड उरलेल्या महाराष्ट्रापासून तुटतं, ही बातमी गडचिरोलीच्या वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं छापून येत आली. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्या इथे एकत्र येतात. आलापल्लीहून साठ-पासष्ट किलोमीटरचा जंगलातला रस्ता इथवर येतो आणि पावसाळ्यात अनेकदा इथेच थांबतो. कर्जाच्या इतिहासाला या पुलापासून सुरुवात करण्याचं कारण साधं आहे. इथल्या माडिया आदिवासींच्या घरात मार्च-एप्रिलमध्ये मोह येतो, मेमध्ये तेंदूपत्त्याची मजुरी येते, दिवाळीनंतर धान येतं. कणगीचा तळ दिसतो तो जून ते सप्टेंबर या महिन्यांत, आणि बियाणं लागतं तेही याच दिवसांत. म्हणजे ज्या महिन्यांत कर्ज लागतं त्याच महिन्यांत तहसील, कोर्ट, बँक आणि सहायक निबंधकाचं कार्यालय सगळ्यात लांब जातं. गेल्या शंभरेक वर्षांत सावकारी आणि जमीन-गहाणाचे कायदे या मुलखासाठी अनेकदा नवे झाले, दुरुस्त झाले. त्यांतला टिकला कोणता आणि वाहून गेला कोणता, हे पाहिलं तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: ज्या कायद्याला ऋणकोने हलण्याची गरज नव्हती तो काही अंशी टिकला, आणि जो ऋणकोच्या अर्जाची वाट पाहत बसला त्याचा इथे फारसा उपयोग झाला नाही. या लेखात मांडायचं आहे ते एवढंच. पण त्यावर आक्षेप बरेच आहेत आणि ते हलके नाहीत.

आधी कर्ज कसं होतं ते पाहू. पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात कर्ज रुपयांत मोजायच्या आधी पायली-कुडवांत मोजलं जाई, आणि त्याचे दोन जुने दर होते: सवाई आणि दिढी. सवाईने घेतलं तर चाराचे पाच द्यायचे, दिढीने घेतलं तर चाराचे सहा. धानाच्या बियाण्याला सहसा दिढीच लागे. जूनमध्ये नेलेलं धान मळणीला परत, म्हणजे पन्नास टक्के व्याज सहा महिन्यांचं. वर्षाच्या हिशेबात ते दुप्पट होतं. त्यात सावकाराने जूनच्या महागाईत धानाचे पैसे लावले आणि मळणीच्या स्वस्ताईत त्या पैशांचं धान मोजून घेतलं, तर दर आणखी चढतो. समजा जूनला भाव मळणीच्या दीडपट होता. मग चार कुडव नेणाऱ्याच्या डोक्यावर मळणीला आधीच सहा कुडवांचं मुद्दल बसतं, आणि त्यावर दिढी लागली की नऊ कुडव मोजून द्यावे लागतात. आता आपल्या धर्मशास्त्रातला आणि पुढे कायद्यातही आलेला दामदुप्पटीचा नियम इथे लावून पाहा. व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येणार नाही, असं तो नियम सांगतो. चाराचे सहा हा व्यवहार त्या नियमात आरामात बसतो. दर मळणीला खातं मिटतं आणि पुढच्या आषाढात नवं उघडतं. माणूस पंचवीस वर्षं कर्जात असतो, पण कुठल्याही एका वर्षी दामदुप्पट ओलांडली जात नाही. नियम थकलेल्या कर्जासाठी केलेला होता. हे कर्ज कधी थकतच नव्हतं, ते ऋतूसारखं फिरून येत होतं.

यातलं बरंचसं कर्ज म्हणून ओळखूही येत नसे. आठवडी बाजारात चारोळीच्या बदल्यात तेवढंच मीठ, हा व्यवहार भामरागड आणि पलीकडच्या बस्तरविषयी इतक्यांदा लिहिला गेला आहे की तो आता किस्साच होऊन बसला. पण त्याच्या मागची यंत्रणा क्वचित सांगितली जाते. मीठ, कापड, तंबाखू पावसाळ्यात उधार न्यायचं आणि उन्हाळ्यात मोह-चारोळी त्याच दुकानात घालायची, हे त्यातलं खरं बंधन. ज्याच्याकडे उधारी त्यालाच माल विकायचा, त्याच्याच मापाने आणि त्याच्याच भावाने. व्याज वेगळं सांगायची गरजच नाही. ते भावात मुरलेलं असतं. म्हणून जुन्या कागदपत्रांत माडियाच्या नावावर फारसं कर्ज दिसत नाही आणि त्यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की इथली अर्थव्यवस्था नगदीबाहेरची, सबब सावकारीबाहेरची. नोंद नसणं आणि देणं नसणं यांत फरक आहे. देणं होतं, ते मापाच्या तळाशी होतं.

भामरागड तेव्हा ज्यात होतं तो चांदा, म्हणजे चंद्रपूर, जिल्हा इंग्रजांच्या हाती आला तो काळही विचित्र होता. १८५३ च्या अखेरीस नागपूरचे भोसले निपुत्रिक वारले आणि पुढच्या वर्षी राज्य खालसा झालं. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८५५ साली, कंपनी सरकारने व्याजदराच्या मर्यादेचे जुने कायदे रद्द केले. म्हणजे नवं कोर्ट, नवा मुद्रांकाचा कागद आणि व्याज ठरवण्याची मोकळीक या तिन्ही गोष्टी चांद्याला जवळजवळ एकदमच मिळाल्या. पश्चिमेकडे याचे परिणाम वीस वर्षांत दिसले. मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, चौकशी आयोग बसला आणि १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला. त्याने न्यायाधीशाला कर्जरोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याची मुभा दिली. पण तो पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता सुरू झाला, आणि चांदा तर मुंबई इलाख्यातही नव्हता. तो मध्य प्रांतात होता. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. सुप्याच्या लोकांना जाळायला वह्या होत्या. कर्ज कुठे लिहिलंय हे त्यांना ठाऊक होतं. सरकारला बंड दिसलं कारण जाळलेला कागद दिसला. अहेरी जमीनदारीतल्या माडियाला जाळायला असं काही नव्हतं.

अहेरी ही चांदा जिल्ह्यातली सगळ्यात मोठी जमीनदारी, आणि भामरागड तिच्या पोटातलं. इथली पेंडा शेती फिरती: जंगलाचा तुकडा तोडायचा, जाळायचा, दोन-तीन वर्षं कोसरी-कुटकी घ्यायची आणि पुढे सरकायचं. अशा शेताला सातबारा नसतो, आणि ज्याला सातबारा नाही ते गहाण टाकता येत नाही. त्यामुळे राजुरा, कोरपना, जिवतीकडच्या कापसाच्या काळ्या जमिनींवर परक्यांची जशी नजर गेली तशी ती भामरागडच्या डोंगरउतारावर गेली नाही. राजुरा तर निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होतं. १९५६ साली ते आधी नांदेडला जोडलं गेलं आणि १९५९ मध्ये चांद्यात आलं. तिथल्या गोंड-कोलामांच्या जमिनी कशा गेल्या याचं वर्णन मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेंडॉर्फ याने निजामाच्या कारकिर्दीत करून ठेवलं आहे, आणि त्याच आदिलाबादेत १९४० साली गोंडांचा पुढारी कुमरम भीम गोळीला बळी पडला. भामरागडमध्ये सावकाराला जमीन नको होती; त्याला मोह, चारोळी आणि हात हवे होते. हा फरक पुढच्या सगळ्या कायद्यांच्या आकलनासाठी महत्त्वाचा आहे.

मध्य प्रांताने पहिलं मोठं पाऊल १९१६ च्या जमीन हस्तांतरण कायद्याने टाकलं. आदिवासी जातींच्या मालकांच्या इस्टेटी सावकारांच्या घशात जाऊ नयेत म्हणून त्यांच्या विक्री-गहाणावर त्याने बंधनं घातली. वाचायला छान, पण तो राखत होता मालगुजाराला, गोंड जमीनमालकाला. त्याच्या खालचा रयत आणि रयतेच्याही खालचा पेंडावाला त्याच्या कक्षेत नव्हता. मग जागतिक मंदी आली, धानाचे भाव कोसळले आणि १९३३ साली मध्य प्रांताने कर्ज-समेट कायदा केला. हिंदुस्थानातला हा अशा प्रकारचा पहिला कायदा. पंजाबने पुढच्या वर्षी तोच रस्ता धरला. समेट मंडळापुढे ऋणकोने अर्ज करायचा, सावकारांनी आपापल्या येण्याचा तपशील द्यायचा, मंडळाने रक्कम उतरवून हप्ते बांधायचे. लगोलग १९३४ चा सावकारी कायदा आला: सावकाराने नियमित हिशेब ठेवावा आणि प्रत्येक ऋणकोला दरवर्षी खात्याचा उतारा द्यावा. नागपूर-वर्ध्याकडच्या कुणब्याला या उताऱ्याचा उपयोग झाला असेल. माडिया ही तेव्हा लिपी नसलेली बोली. मराठी किंवा तेलुगूतला उतारा माडियाच्या हाती देणं म्हणजे कायद्याचं पालन झालं, एवढाच त्याचा अर्थ. आणि तो उतारा तरी कोण देणार? बाजाराच्या दिवशी मीठ विकणारा माणूस स्वतःला सावकार म्हणवतच नव्हता.

त्यात आणखी एक गुंता. १९३५ च्या भारत सरकार कायद्यानुसार १९३६ साली जे ‘अंशतः वगळलेले’ प्रदेश ठरले त्यांत अहेरी जमीनदारी होती. अशा प्रदेशात प्रांतिक कायदा आपोआप लागू होत नसे. गव्हर्नरने तसा हुकूम काढावा लागे. संरक्षणासाठी घातलेल्या या कुंपणामुळे संरक्षणाचे कायदेही कुंपणाबाहेर थांबायची सोय झाली. डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन याने १९४० ते १९४२ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडच्या आदिवासींची चौकशी केली आणि १९४४ साली ती प्रसिद्ध झाली. कर्ज, जमीन, वेठ आणि जंगल हे विषय एकमेकांपासून सुटे करून पाहता येत नाहीत, हा तिचा गाभा. ग्रिगसन काही क्रांतिकारक नव्हता, साम्राज्याचा अधिकारी होता. पण कायदे करणाऱ्यांपेक्षा त्याने बाजार जास्त पाहिले होते, हे त्याच्या पानापानांवर कळतं.

स्वातंत्र्यानंतर जमीनदारी १९५१ मध्ये गेली, १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि मुंबईचा १९४६ चा सावकारी कायदा पुढे या भागालाही लागू झाला. त्यातली एक व्याख्या इथे बारकाईने वाचण्यासारखी आहे. कर्ज म्हणजे व्याजाने दिलेली उचल, मग ती रोकड असो वा वस्तू, असं तो कायदा म्हणतो. म्हणजे पायलीचं धान त्यात आलं. उत्तम. पण लगेच अपवादांची यादी येते, आणि त्यात एक असा: ज्याच्या धंद्याचा मुख्य उद्देश पैसे कर्जाऊ देणं हा नाही अशा माणसाने आपल्या धंद्याच्या नेहमीच्या ओघात सद्भावनेने दिलेली उचल, ती कर्ज नव्हे. मुंबईच्या कापडबाजारात हा अपवाद अगदी रास्त आहे. घाऊक व्यापाऱ्याने किरकोळवाल्याला महिन्याच्या बोलीवर माल दिला तर त्याला सावकारीचा परवाना कशाला मागायचा? तोच अपवाद भामरागडच्या बाजारात आणून ठेवला की मिठाचा दुकानदार, कापडवाला, वनोपजाचा दलाल, सगळे त्यातून अलगद बाहेर पडतात. मूळजी जेठा मार्केटच्या मापाने शिवलेला अंगरखा जंगलात घातला, असं झालं. २०१४ च्या नव्या कायद्यातही हा अपवाद कायम राहिला.

खरा बदल आला १९७४ ते १९७६ या तीन वर्षांत, आणि तो मोठा होता. ६ जुलै १९७४ पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत ३६-अ हे कलम घातलं गेलं. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे विक्रीने, बक्षिसाने, अदलाबदलीने, गहाणाने किंवा पट्ट्याने जायची असेल तर जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागणार. गहाण किंवा पट्टा पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा नसेल तर ही परवानगी पुरे, इतर बाबतींत राज्य सरकारचीही मान्यता हवी. कोर्टाच्या लिलावातली विक्रीसुद्धा यातून सुटली नाही. त्यात एक बारीक अटही आहे: त्या गावात किंवा पाच किलोमीटरच्या परिसरात राहणारा दुसरा कुणी आदिवासी ती जमीन घ्यायला तयार नाही, हे आधी दिसलं पाहिजे. त्यानंतर जमिनी परत देण्याचा कायदा आला. १९५७ च्या १ एप्रिलपासून ६ जुलै १९७४ पर्यंत बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी मूळ खातेदाराला मिळाव्यात, अशी त्याची तरतूद. १९७५ च्या ऑगस्टमध्ये कर्जमुक्तीचा वटहुकूम निघाला आणि पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला: छोटे शेतकरी, मजूर, कारागीर यांची सावकारी देणी संपली, गहाण वस्तू परत करायच्या. १९७६ मध्येच वेठबिगारी निर्मूलनाचा केंद्रीय कायदा आला. दोन मोठे खटले सर्वोच्च न्यायालयात गेले आणि दोन्हींत राज्य जिंकलं. १९७७ मध्ये कर्जमुक्ती टिकली, १९८४ मध्ये लिंगप्पा पोचन्ना खटल्यात जमीन परतीचा कायदा टिकला. दुसऱ्या निकालात न्यायालयाने करारस्वातंत्र्याच्या युक्तिवादाला दिलेलं उत्तर सरळ आहे: दोन्ही पक्ष बरोबरीचे नसतील तर कराराचं स्वातंत्र्य एकाच पक्षाचं उरतं.

या चार कायद्यांपैकी टिकाऊ कोणता? जमीन परतीचा कायदा न्यायालयात जिंकला, पण त्यात मूळ खातेदाराने शेतसाऱ्याच्या आकाराच्या ४८ पट किंवा घेतलेला मोबदला, यांत जे कमी ते, आणि वर सुधारणांची किंमत भरायची होती, हप्त्यांनी. जमीन परत मिळवण्यासाठी माणूस पुन्हा देणेकरी! कर्जमुक्तीला सावकाराचं देणं सिद्ध व्हायला हवं होतं. वेठबिगाराला कुणीतरी वेठबिगार म्हणून ओळखायला हवं होतं. ३६-अ मात्र कुणाच्या अर्जाशिवाय चालतं. नोंदणी कार्यालयात खरेदीखत अडतं, तलाठ्याकडे फेरफार अडतो, सातबाऱ्यावरचा शेरा रोज न बोलता आपलं काम करत राहतो. पावसाळ्यात पूल बुडाला तरी तो शेरा जागच्या जागी असतो. बेनामी कब्जे झाले नाहीत असं नाही, आदिवासीच्या नावावर दुसऱ्यानेच कसल्याचीही उदाहरणं आहेत. पण कागदावर हक्क उरला की लढायला जागा उरते, आणि तो उरला तो या कुलपामुळे. भामरागडमध्ये तर हे कुलूप गरजेच्या आधीच बसलं. १९७४ मध्ये तिथल्या जमिनीला गिऱ्हाईक नव्हतं. आज रस्ते आले, शेजारच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडला लोहखनिजाची खाण चालू झाली, आता गिऱ्हाईक आहे.

यावरचा नेहमीचा आक्षेप असा, की जी जमीन गहाण पडू शकत नाही तिच्यावर बँक कर्ज देत नाही. म्हणजे तुम्ही आदिवासीला वाचवता वाचवता त्याचं भांडवलच गोठवता. जगभर हा युक्तिवाद गेल्या पंचवीस वर्षांत लोकप्रिय झाला आहे आणि त्यात थोडं तथ्यही आहे. पण तो तपासला की दोन ठिकाणी पांगळा ठरतो. पहिलं, हे कुलूप बँकेसाठी बंदच नाही: महसूल संहितेच्या ३६ व्या कलमातच सरकार, सहकारी संस्था आणि बँका यांच्याकडे कर्जासाठी जमीन तारण ठेवायची वाट ठेवलेली आहे. दुसरं आणि महत्त्वाचं, माडियाला लागणाऱ्या कर्जाला तारण लागतच नाही. रिझर्व्ह बँकेने विनातारण शेतीकर्जाची मर्यादा २०१० मध्ये एक लाख, २०१९ मध्ये १ लाख ६० हजार आणि जानेवारी २०२५ पासून दोन लाख रुपये केली. भामरागडच्या पावसाळी कर्जाचा आकडा याच्या जवळपासही जात नाही. तेव्हा जमीन गहाण पडत नाही म्हणून कर्ज मिळत नाही, हे कारण कागदोपत्री उरलेलं नाही. तरी कर्ज मिळत नसेल तर अडचण गहाणात नसून दुसरीकडे कुठे तरी आहे, शाखा किती लांब, तिथली भाषा कोणती, पीक कोणतं धरलं जातं यांत. वनहक्क कायद्याने २००६ साली दिलेला पट्टा तर वारसाने मिळतो पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही, आणि नवरा-बायको दोघांच्या नावाने असतो. पेंडावाल्याला पहिल्यांदाच सातबाऱ्यासारखं काही मिळालं, ते कुलपासकट. माझ्या मते ते बरोबर झालं.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे, कारण तो गावातून येतो. सावकार निदान दारात उभा राहतो. मध्यरात्री पोरगं तापलं तर तोच पैसे देतो. त्याला हाकललंत तर त्याच्या जागी कोण? १९७० च्या दशकात महाराष्ट्राने याचं उत्तर द्यायचा खरोखर प्रयत्न केला, हे मान्य केलं पाहिजे. १९७२ साली आदिवासी विकास महामंडळ निघालं. १९७६ च्या आदिवासी आर्थिक सुधारणा कायद्याने ठरावीक धान्य आणि वनोपज यांची खरेदी महामंडळाच्या एकाधिकारात आणली, आणि गावपातळीवर ती खरेदी आदिवासी विविध कार्यकारी संस्थांकडे गेली. गडचिरोलीत त्यांना सगळे ‘आविका’ म्हणतात. १९७८ पासून पावसाळ्यातल्या उपासमारीच्या महिन्यांसाठी खावटी कर्ज आलं. योजनेचा आराखडा करणाऱ्याला कॅलेंडर कळलं होतं, हे त्यातून दिसतं: जुलैत द्यायचं, मळणीच्या खरेदीतून कापून घ्यायचं. थोडक्यात सरकारने दिढीवाल्याचाच सांगाडा उचलला आणि त्यातली दिढी काढून टाकली. हुशारीची गोष्ट होती. पण दिढीवाला जो वेळेवर देत होता ते वेळेवर देणं सरकारला जमलं नाही. कर्ज उशिरा आलं, वसुली होईना, थकबाकी माफ करावी लागली, शेवटी योजना थांबली. आणि टाळेबंदीच्या वर्षी, २०२० मध्ये, ती अनुदान म्हणून परत आली: कुटुंबामागे चार हजार रुपये, निम्मे रोख, निम्म्याचा किराणा. त्याचं वाटप होईपर्यंत पुढचं वर्ष उजाडलं. जो पर्याय भुकेच्या महिन्यात येत नाही तो सावकाराला पर्याय नव्हे. सावकाराच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा मला इथवर पटतो. पण त्यातून सावकार मोकळा सोडावा असं निघत नाही, पुरवठ्याची तारीख कायद्यात लिहावी असं निघतं.

२०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या सावलीत आला. १९४६ च्या कायद्यापेक्षा तो कितीतरी कडक आहे. परवान्याशिवाय सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सावकारीच्या ओघात पंधरा वर्षांत बळकावलेली स्थावर मालमत्ता जिल्हा निबंधक चौकशी करून परत देववू शकतो. शेतकऱ्याला तारणावर नऊ आणि विनातारण बारा टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावता येत नाही, हे दर त्याच वर्षी ठरले. पश्चिम विदर्भात खोट्या खरेदीखतांखाली गेलेल्या जमिनी सोडवायला या पंधरा वर्षांच्या कलमाचा उपयोग झाला आहे, आणि तिथे तो कायदा चांगलाच म्हणावा लागेल. पण व्यवहारात त्याची शक्ती सुरू होते ती बहुधा तक्रारीपासून. आणि बक्षिसी कुणाला मिळाली ते पाहा: २०१५ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचं सावकारी कर्ज सरकारने फेडायचं ठरवलं, तेव्हा ते परवानाधारक सावकाराचंच फेडलं. नियम म्हणून ते समजण्यासारखं आहे, बेकायदा धंद्याला सरकार पैसे कसं देईल? तरी निष्पत्ती अशी की ज्याचा सावकार कायद्याच्या आतला त्याला माफी, आणि ज्याचं देणं मापाच्या तळाशी त्याला काहीच नाही.

या सगळ्यात एक सत्ता मात्र फारशी न वापरता पडून आहे. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीने राज्यपालांना अनुसूचित क्षेत्रातल्या सावकारीचं नियमन करायचा थेट अधिकार दिलेला आहे. १९९६ च्या पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या, कायद्याने तोच विषय गावाकडे आणला: अनुसूचित जमातींना होणाऱ्या सावकारीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेला आणि योग्य पातळीवरच्या पंचायतीला असावा, असं त्यात लिहिलंय. महाराष्ट्राने त्याचे नियम करायला २०१४ साल उजाडू दिलं, म्हणजे अठरा वर्षं. ग्रामसभेला हिशेब जमेल का, अशी शंका घेणाऱ्यांनी गडचिरोलीतलाच अलीकडचा अनुभव पाहावा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना स्वतःच्या हाती घेतला. त्यानंतर जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा तेंदूपत्त्याचे लिलाव आपण होऊन करू लागल्या. सत्तर पानांचं एक पुडकं, हजार पुडक्यांचं एक गोणं, गोण्यामागे दर, प्रत्येक घराची फळीवरची, म्हणजे संकलन केंद्रावरची, मोजणी आणि कंत्राटदाराकडून येणारा हप्ता: हा हिशेब ज्या गावाला जमतो त्याला गावात कोण कुणाला कशावर धान देतो हे लिहून ठेवणं अवघड नाही. गावाला ते तसंही ठाऊक असतं.

अडचण आता निराळ्या बाजूने येते आहे. नवा कर्जदाता ना दुकानदार आहे ना दिढीवाला. तो कंपनीचा वसुली प्रतिनिधी आहे, बायकांचा गट करतो, आठवड्याचा हप्ता बांधतो, आणि व्यवहार फोनमध्ये असतो. रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२२ च्या निर्देशांनी अशा सूक्ष्मकर्जाची चौकट ठरवली: वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेलं कुटुंब, तारण नाही, सगळ्या हप्त्यांची बेरीज उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत, पण व्याजाला कमाल मर्यादा ठेवली नाही. त्याच वर्षी १० मे रोजी नेडुंपिल्ली फायनान्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तकंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत. एका कंपनीला दोन नियामक नकोत, देशभर एकच नियम असावा, हा त्यामागचा विचार शहरातल्या कर्जासाठी पटण्याजोगा आहे. आंध्र प्रदेशाने २०१० साली वटहुकूम काढून सूक्ष्मकर्जाची वसुली जवळजवळ ठप्प केली आणि तिथे गरिबांना कर्ज मिळणंच आटलं, हेही राज्यांच्या अतिउत्साहाविरुद्धचं खरं उदाहरण आहे. तरी भामरागडपुरतं चित्र उलटंसुलटं झालं आहे. दर पावसाळ्यात दिढीने धान देणारी गावातली बाई कायद्याच्या शब्दांनुसार विनापरवाना सावकार ठरू शकते आणि पाच वर्षांच्या कैदेला पात्र होते. चोवीस टक्क्यांनी हप्ता बांधणाऱ्याला मात्र ज्या राज्याच्या हद्दीत तो कर्ज देतो त्या राज्याला विचारावं लागत नाही.

मात्र त्या निकालापुढे प्रश्न होता तो केरळ आणि गुजरातच्या राज्य कायद्यांचा, पेसाचा नव्हता. पेसा हा संसदेचा कायदा आहे, रिझर्व्ह बँकेचा कायदाही संसदेचाच, आणि ग्रामसभेचा सावकारीवरचा अधिकार रिझर्व्ह बँकेच्या नोंदणीपुढे संपतो असं त्या निकालात म्हटलेलं नाही. तेव्हा भामरागडच्या एखाद्या ग्रामसभेने उद्या ठराव केला, की गावात येऊन कर्ज देणाऱ्याने, तो दुकानदार असो, दलाल असो वा कंपनीचा माणूस, आधी रक्कम, दर, हप्ता आणि वसुलीचा महिना माडियात मोठ्याने सांगावा आणि ग्रामसभेच्या वहीत लिहून द्यावा, तर त्या ठरावाला आधार शोधायला फार लांब जावं लागणार नाही. वही जूनच्या आत उघडावी लागेल, पूल बुडायच्या आधी.